साक्षरतेची अट आणि नोंदणी-अधिकारी

अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या १८९० च्या घटनेतील २४४ वे कलम वरकरणी निरुपद्रवी होते. मतदाराला राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचता यावे, अथवा वाचून दाखविल्यास त्याचा अर्थ कळावा किंवा समर्पकपणे सांगता यावा, एवढीच त्यात अपेक्षा. वर्णाचा उल्लेख नाही. पंधराव्या घटनादुरुस्तीनंतर तो करणे शक्यही नव्हते. खरी मेख ‘समर्पक’ या शब्दात होती. कोणते कलम विचारावयाचे आणि कोणते उत्तर मान्य करावयाचे, हे गोरा नोंदणी-अधिकारी ठरवी. निरक्षर गोऱ्यास प्रवेश व सुशिक्षित कृष्णवर्णीयास मज्जाव, हे दोन्ही एकाच कलमाने साधे.

१८९८ साली विल्यम्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अंमलबजावणीतील पक्षपात सिद्ध झालेला नाही, असे म्हणून ही तरतूद उचलून धरली. १९५९ च्या लॅसिटर निर्णयातही साक्षरतेची अट स्वभावतः घटनाबाह्य नाही, असेच एकमताने ठरले. तर्कदृष्ट्या हा निष्कर्ष निर्दोष म्हणता येईल. नोंदणी-कचेरीच्या दारात उभ्या असलेल्यास तो निरुपयोगी होता. मार्च १९६५ मध्ये लुइझियानाची अर्थनिरूपणाची परीक्षा अवैध ठरली, ती अधिकाऱ्याच्या लहरीस तीत कोणतेच बंधन नव्हते म्हणून.

त्याच वर्षीच्या मताधिकार कायद्याने मुख्यतः दक्षिणेकडील राज्यांत अशा परीक्षा स्थगित केल्या. १९७० साली बंदी देशव्यापी झाली, १९७५ साली कायमची. लॅसिटर निर्णय मात्र न्यायालयाने आजवर रद्द केलेला नाही.