बेने इस्रायल समाजातील युवक संघटना

महाराष्ट्रातील ज्यू म्हणजे प्रामुख्याने बेने इस्रायल. कोकणात तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मातृभाषा मराठी, पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे गावांवरून आलेली. अठराव्या शतकात हा समाज मुंबईकडे वळला आणि १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मांडवी येथे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले.

समाजातील मुलांच्या संघटित शिक्षणाचा पाया हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी घातला. त्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू झाली. पुढे ती सर एली कदुरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शाळेबाहेर तरुणांना एकत्र आणण्याचे काम मात्र विसाव्या शतकात दोन जागतिक चळवळींनी केले. ‘हबोनिम’, म्हणजे ‘बांधणारे’, ही १९२९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली श्रमवादी चळवळ. ‘बने अकिवा’ ही त्याच वर्षी जेरुसलेममध्ये जन्मलेली धर्मनिष्ठ चळवळ. ‘तोरा आणि श्रम’ हे तिचे ब्रीद. दोन्ही चळवळी मुंबईत कार्यरत होत्या.

या चळवळींची घडण साधी असते. गावोगावी शाखा, वयानुसार गट आणि प्रत्येक गटाला त्याच्याहून थोडाच मोठा असलेला एक मार्गदर्शक. साप्ताहिक बैठकीत हिब्रू गाणी, सणांची माहिती आणि खेळ, सुटीत शिबिरे. मुलेच मुलांना शिकवतात, हे या पद्धतीचे बळ होय.

तथापि याच बळात शाखांच्या क्षयाचे बीज होते. इस्रायलला जाऊन स्थायिक होणे हे दोन्ही चळवळींचे ध्येय. ते जितके साधले, तितके मार्गदर्शक कमी झाले आणि मागून येणाऱ्या मुलांना शिकवणारे कोणी उरले नाही. स्थलांतराला अर्थात इतरही कारणे होती. परंतु तरुण पिढी आधी निघाली की घरातील वडीलधारी मंडळीही मागोमाग जात. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ मध्ये ४,६५० उरले. त्यांपैकी २,४६६ महाराष्ट्रात होते.

उरलेल्या तरुणांसाठी अमेरिकन ज्यू जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटीच्या साहाय्याने मुंबईत एव्हलिन पीटर्स ज्यू सामाजिक केंद्र चालू झाले. येथील कामाचा भर स्थलांतरापेक्षा इथल्या समाजजीवनावर राहिला. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जाही दिला.

प्रश्न केवळ संघटनेचा नाही. परंपरेनुसार सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातील अनेक प्रार्थनामंदिरांत एवढी संख्या जमवणे कठीण झाले आहे. तरुणांची शाखा टिकणे वा न टिकणे याचा अर्थ तेथे नेमका कळतो.