कडकट्टची कहाणी : जुन्या मोर्स की आणि त्यांचा इतिहास

आपल्या सोसायटीतल्या साठीपुढच्या कोणत्याही सभासदाला विचारा, दारात तारवाला उभा राहिला की आधी पोटात गोळा यायचा. कोणी गेलं की भाचा नोकरीला लागला, हे पाकीट फोडल्यावरच कळायचं. तो कागद आपण सर्वांनी पाहिला. पण ज्या पितळी यंत्रावर बोट आपटून असे मजकूर वर्षानुवर्षं गावोगावी गेले, ती 'मोर्स की' फार थोड्यांनी पाहिली असेल. गेली काही वर्षं मी अशा जुन्या की जमवतो. घरात त्यांना 'बाबांचं भंगार' म्हणतात. या भंगाराचा इतिहास रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने सांगतो.

सॅम्युअल मोर्स हा मूळचा चित्रकार. 24 मे 1844 रोजी त्याने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठवून दाखवला. सुरुवातीची की तयार करण्यात त्याचा सहकारी आल्फ्रेड वेल याचा मोठा वाटा होता. दाबली की वीज जोडली जाते आणि सोडली की तुटते, एवढंच तिचं काम. बाकी सगळा खेळ तालाचा. रेघ तीन टिंबांएवढी लांब, दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांएवढी आणि दोन शब्दांमध्ये सात टिंबांएवढी विश्रांती. तबल्यासारखंच आहे हे. मात्रा हुकली की अर्थ बदलला.

आपल्याकडे तार आणली विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने. 1839 साली त्याने कलकत्त्यात प्रयोग केले, 1851 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर तार सुरू झाली आणि 1854 मध्ये मुंबई, आग्रा व कलकत्ता जोडले गेले. 1855 पासून ती सर्वसामान्यांना खुली झाली. ओशॉनेसीने आधी स्वतःचं सुईचं यंत्र वापरलं, मोर्सची यंत्रं नंतर आली. 1857 च्या मे महिन्यात दिल्लीहून अंबाल्याला गेलेल्या तारेने इंग्रजांना सावध केलं, म्हणूनच उठाववाल्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या. 1870 साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने एडन ते मुंबई समुद्रातून केबल टाकली. थोडक्यात काय, तार आली ती राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी. लग्न-मुंजी-मयताच्या निमित्ताने ती आपलीशी केली लोकांनी.

आता की ओळखायची कशी? जुन्या अमेरिकन कीच्या बाजूला एक छोटा खटका असतो. तिथे तारेतून सतत वीज वाहती ठेवत. संदेश संपल्यावर खटका बंद करायचा राहिला, तर त्या लाइनवरची सगळी ऑफिसं ठप्प! ब्रिटिश आणि भारतीय पद्धतीच्या कीला बहुधा तीन जोडण्या दिसतात. की मोकळी असताना मागचा संपर्क लाइनला ऐकण्याच्या यंत्राशी जोडतो, दाबली की पुढचा संपर्क बॅटरीशी. आपल्याकडच्या सरकारी तारखात्याची यंत्रं कलकत्त्याच्या अलीपूर कारखान्यात बनत. तसा शिक्का दिसला की माझं काम झालं!

संग्राहकांना प्रिय असलेली आणखी एक की म्हणजे 'व्हायब्रोप्लेक्स'. दिवसभर वर-खाली की मारून तारमास्तरांचे हात अक्षरशः निकामी व्हायचे. 1904 च्या सुमारास होरेस मार्टिनने आडवी हलणारी की काढली. तिची पट्टी थरथरून टिंबं आपोआप उमटवते, रेघा तेवढ्या हाताने मारायच्या. म्हणजे ही सोय निघाली ती दुखऱ्या मनगटांसाठी.

मुरलेले तारमास्तर पलीकडचा माणूस नुसत्या ठोक्यावरून ओळखत. आपल्या सोसायटीतले एक निवृत्त तारमास्तर काका मला म्हणाले, "अहो, चेहरा कधी पाहिला नाही, पण हात ओळखायचो." माझ्याकडच्या एका कीवर त्यांनी स्वतःचं नाव वाजवून दाखवलं. बोटं आता थरथरतात, ताल मात्र पक्का! खरी काळजी इथेच आहे. की कपाटात टिकेल, पण तो हात?

आपली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली तेव्हा बातम्यांमधून मोर्सला निरोप दिला गेला. प्रत्यक्षात त्याआधीच टेलिप्रिंटर आणि संगणकाने कीची जागा घेतली होती. समुद्रावरच्या संकटसंदेशांसाठीही 1 फेब्रुवारी 1999 पासून मोर्सची सक्ती उरली नाही. निकामी ठरलेल्या की पितळेच्या भावाने, किलोवर गेल्या. आज दुकानांत जुन्या म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच चकचकीत की नव्याच असतात.

म्हणून सभासदांना एक विनंती. कोणाचे आजोबा, वडील वा काका तारखात्यात, रेल्वेत किंवा जहाजावर असतील, तर माळा आवरताना पितळेची अशी वस्तू सापडल्यास भंगारवाल्याला देऊ नका. पितांबरी लावून घासूही नका. घासताना शिक्के आणि क्रमांक पुसट होतात. ती कोणी, कुठे आणि कधी वापरली, एवढं एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. आणि घरात कोणी तारमास्तर हयात असतील, तर त्यांचे ठोके मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. तेही लवकर!