पाटी कुणाची, ओढ कशाची?

ताटलीत पाणी घ्या, त्यावर मिरपूड भुरभुरा आणि मधोमध भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब सोडा. पूड क्षणात कडेला पळते. नातीला हा प्रयोग दाखवला, तेव्हा तिनं विचारलं, "आजोबा, साबण तिला ढकलतो का?" मी पटकन 'हो' म्हणून गेलो. ते चुकलंच. साबणामुळं मधला पृष्ठताण कमी होतो आणि कडेचं, जास्त ताणाचं पाणी पृष्ठभाग आपल्याकडं ओढून घेतं. रस्सीखेचीत एका बाजूनं हात सैल सोडावेत, तसं.

या ओढीला शास्त्रज्ञ 'मारांगोनी परिणाम' म्हणतात. कार्लो मारांगोनी यांनी १८६५ मध्ये इटलीतल्या पाविया विद्यापीठात यावर प्रबंध लिहिला. पुढं ते फ्लॉरेन्सला शाळेत शिक्षक झाले. पण त्याआधी दहा वर्षं, १८५५ मध्ये, बेलफास्टचे अभियंते जेम्स थॉमसन यांनी वाइनच्या पेल्यात हीच गोष्ट पाहून तिचं कारण सांगितलं होतं. काचेवर चढलेल्या पातळ थरातलं अल्कोहोल लवकर उडून जातं. उरतं ते जास्त पाण्याचं, म्हणून जास्त पृष्ठताणाचं मिश्रण. ते खालची वाइन वर ओढतं, ती वर साठते आणि थेंब होऊन ओघळते. थॉमसन हे लॉर्ड केल्विन यांचे थोरले बंधू. धाकट्याचं नाव तापमानाच्या एककाला मिळालं आणि थोरल्याच्या शोधावर दुसऱ्याची पाटी लागली! मारांगोनींना मी दोष देत नाही. पाट्या नंतरचे लोक लावतात.

माणसाची पाटी चुकली तर प्रयोग अडत नाही. कारणाची चुकली तर मात्र पंचाईत. तशी वेळ १९९५ मध्ये आली. कॅनडातला एक गट आणि अमेरिकेत लोवेल इथला सुकांत त्रिपाठी, जयंत कुमार यांचा गट, दोघांनी स्वतंत्रपणे एकच नवल पाहिलं. अ‍ॅझोबेंझीनचा रेणू एरवी काडीसारखा सरळ असतो. प्रकाश पडला की कोपरात वाकतो. असे रेणू गुंफलेल्या पॉलिमरच्या पातळ थरावर लेसरच्या दोन झोतांनी उजेड-अंधाराचे पट्टे पाडले, तर नांगरटीसारख्या सऱ्या उठल्या. तेही थर घट्ट असताना, खोलीच्या तापमानाला!

मग पृष्ठताणच ओढत असेल का? पण प्रकाशाच्या ध्रुवीभवनाची दिशा बदलली की सऱ्यांची खोली बदलत होती. पृष्ठताणाला ती दिशा कशी कळणार? नुसत्या पृष्ठताणानं कोडं सुटेना, आणि बल नेमकं कसलं यावर पुढं बरीच वर्षं वाद झडले. त्रिपाठी त्यातले थोडेच पाहू शकले; डिसेंबर २००० मध्ये हवाई इथं समुद्रात बुडून त्यांचा मृत्यू झाला.

२०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या गटानं साधं पॉलिस्टायरीन घेतलं. नक्षीदार झाकणातून अतिनील किरण सोडले. ते पडले तिथं रासायनिक बदल होऊन पृष्ठताण वाढला. थर मात्र सपाटच राहिला, न धुतलेल्या फोटोच्या फिल्मसारखा. तापवून मऊ करताच झाकलेल्या भागातलं पॉलिमर किरण पडलेल्या भागाकडं वाहत गेलं आणि नक्षी उभी राहिली. इथं मारांगोनींची पाटी अगदी रास्त.

नातीला दिलेलं उत्तर मी दुरुस्त केलं. तिनं लगेच साबणाचा दुसरा थेंब टाकला. पूड फारशी हलली नाही, कारण साबण सगळीकडं पसरला होता. ओढायला फरकच उरला नव्हता. पॉलिस्टायरीनचा थरही फार वेळ तापवला, तर रेणू एकमेकांत मिसळतात, फरक मिटतो आणि नक्षी पुन्हा सपाट होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)