शेखाडीचा किनारा आणि ‘ब्लॅक फ्रायडे’

दिवेआगरहून श्रीवर्धनला बाइकवर गेलायत कधी? उजव्या हाताला सगळा रस्ताभर समुद्र. या रस्त्यावर शेखाडी लागतं. रील काढायला गाड्या थांबतात तेच.

फेब्रुवारी 1993 मध्ये रात्रीच्या अंधारात इथे आरडीएक्स उतरलं. 12 मार्चच्या शुक्रवारी मुंबईत बारा स्फोट झाले. 257 माणसं गेली, सातशेच्या वर जखमी झाली.

अनुराग कश्यपचा ‘ब्लॅक फ्रायडे’ मी बघायला घेतला तेव्हा वाटलं होतं, नेहमीचंच असणार. धडाम-धुडूम, शेवटी हिरोचं भाषण. तसलं काहीच नाही! पोलीस संशयिताच्या मागे झोपडपट्टीतून धावतात आणि धावता धावता दमतात. चक्क धापा टाकतात. बादशाह खान खिशात पैसे नाहीत म्हणून गावोगाव भटकतो. बॉम्ब ठेवणारा माणूस असा केविलवाणा दिसला की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. आणि त्याआधीच्या दंगलींकडेही सिनेमा पाठ फिरवत नाही.

एस. हुसेन झैदींच्या पुस्तकावर बेतलेला हा सिनेमा 2005 च्या जानेवारीत लागणार होता. निकाल अजून यायचाय, आमच्यावर परिणाम होईल, म्हणून आरोपी कोर्टात गेले आणि प्रदर्शन थांबलं. शेवटी 9 फेब्रुवारी 2007 ला तो थिएटरात आला. चिडचिड होते ऐकून, पण खरं सांगू? मला आरोपींचा मुद्दा अगदीच चुकीचा वाटत नाही. जिवंत माणसांची खरी नावं घेऊन केलेला सिनेमा होता तो.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. सिनेमात तो थोडाच दिसतो. खरी गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते. परदेशी सोन्याचांदीवर कडक बंधनं होती, त्या काळापासून इथे चोरटा माल उतरायचा. ‘लँडिंग’ हा शब्द खाडीकाठी सगळ्यांना ठाऊक. माल कोणाचा, पेटीत काय, हे विचारायचं नाही. पैसे घ्यायचे, गप्प बसायचं.

जानेवारी 1993 मध्ये दिघीला असाच माल उतरला. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या. अडवल्या, ऐका नीट! तिथेच सगळं थांबू शकलं असतं. पण लाखांत सौदा ठरला. रोख कमी पडली, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या आणि गाड्या सुटल्या. पुढे टाडा न्यायालयानं त्या फौजदाराला जन्मठेप दिली. कस्टमचे बडे अधिकारी सोमनाथ थापा यांनाही. कट आखणारे दुबईत नि कराचीत बसले असतील, पण दार आतून उघडलं गेलं.

शिक्षा वर्दीवाल्यांना झाली, तरी बातम्यांत ‘आरडीएक्सवालं गाव’ म्हणून नाव लागलं ते शेखाडीचं. मला हे अजून खुपतं.

ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट लागली. आत तीन एके-47! जिल्हाभर नाकाबंदी झाली, गाड्यांच्या डिक्या उघडून बघितल्या. शेवटी कळलं, ‘लेडी हान’ नावाची ती बोट ओमानच्या बाजूनं भरकटत आली होती, घातपात वगैरे काही नव्हता. पण या वेळी बोट दिसल्यावर स्थानिक लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी पोलिसांना कळवलं.