पिकअपचा फाळका चेपला: ठोकून घ्यायचा की नवा बसवायचा?

गाडी रिव्हर्स घेताना गोदामाची भिंत लागली किंवा मागून कुणी ठोकलं, की छोट्या मालवाहू गाडीत पहिला मार फाळक्याला बसतो. फाळका म्हणजे हौद्याच्या मागची उघडबंद होणारी बाजू. गॅरेजमध्ये मग पर्याय मिळतात: डेंटिंग-पेंटिंग, कंपनीचा नवा फाळका किंवा बाजारातला स्वस्त लोकल फाळका. निर्णय घेताना पोचा किती मोठा आहे यापेक्षा तो कुठे आहे, हे आधी पाहा.

दुरुस्ती कधी पुरते?

पोचा मधल्या सपाट भागात असेल, पत्रा फाटलेला नसेल आणि बिजागऱ्या व कड्या सरळ असतील, तर ठोकून घेणं परवडतं. मूळ पत्रा आणि मूळ माप कायम राहतं. मात्र पुट्टीचा थर साधारण ३ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. जाड थर धक्क्यांनी तडकतो, आत पाणी शिरतं आणि गंज धरतो. तपासायला चुंबक लावून पाहा. जाड पुट्टीवर तो नीट चिकटत नाही.

बदलायचा कधी?

कडा दुमडली असेल, बिजागरीजवळ तडा असेल किंवा खालचा पत्रा गंजून पातळ झाला असेल, तर बदललेला बरा. पातळ पत्र्यावर वेल्डिंग टिकत नाही. भरलेला माल फाळकाच अडवून धरतो. चालत्या गाडीत कडी सुटली, तर मागच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततं.

नवा घेण्याआधी हौद्याची मागची चौकट दोन्ही तिरक्या बाजूंनी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजा. मापं सारखी नसतील तर चौकटच वाकली आहे. आधी ती सरळ करावी लागेल, नाहीतर कंपनीचा फाळकाही नीट बसणार नाही.

लोकल फाळका घेताना

- पत्र्याची जाडी आणि वजन जुन्याशी ताडून पाहा.
- रंग देण्याआधी बसवून, कड्या लावून बघा.
- अनेकदा त्यावर फक्त प्रायमर असतो. आतून आणि कडांनाही गंजरोधक रंग मारून घ्या.
- पक्कं बिल घ्या. जुन्या फाळक्याची भंगारात किती किंमत धरली, तेही विचारा.

विम्याचा दावा करावा का?

समजा, गाडी साडेतीन वर्षांची आहे आणि फाळका ८,००० रुपयांचा. साध्या पॉलिसीत ३ ते ४ वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा कापतात. म्हणजे २,००० रुपये तुमचे. त्यावर पॉलिसीतली सक्तीची वजावट वेगळी. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत ‘आयएमटी २३’ हे जादा कलम नसेल, तर रंगकामाचा खर्चही सहसा मिळत नाही. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस २० ते ५० टक्क्यांपर्यंत असतो. त्यामुळे लहान कामासाठी आधी पुढच्या वर्षीच्या हप्त्याचा हिशेब करा.

हे विसरू नका

दुरुस्त केलेला असो वा नवा, रंगकामानंतर फाळक्यावरची लाल रिफ्लेक्टिव्ह टेप आणि गाडीचा नंबर पुन्हा लावून घ्या. रात्री बंद पडलेली गाडी मागच्या चालकाला त्या टेपमुळेच दिसते.