मेंदूतील समुद्रघोडा : मोजमाप कोणाच्या पट्टीने?

१/ कल्पना करा, गुहागरचे सत्तरीतले एक आजोबा व्याडेश्वराच्या देवळाची रोजची वाट चुकू लागतात. शहरात एमआरआय होतो. अहवालात एक ओळ असते : ‘हिप्पोकॅम्पस आकसला आहे.’ आकसला, पण कोणाच्या तुलनेत? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाचा.

२/ नव्या आठवणी घडवणारा हा अवयव मेंदूत दोन्ही बाजूंस एकेक असतो. १५८७ मध्ये बोलोन्याचे शरीररचनाशास्त्रज्ञ आरांझी यांना त्यात समुद्रघोडा दिसला. नाव त्यावरूनच पडले. प्रौढ माणसात एका बाजूचे आकारमान साधारण ३ ते ४ घनसेंटिमीटर. अल्झायमरमध्ये तो लवकर झिजू लागतो, म्हणून थोडाही फरक मोलाचा.

३/ जिवंत मेंदू मोजण्याची वाट भौतिकशास्त्राने दाखवली. चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रे रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हे ब्लॉख आणि पर्सेल यांच्या गटांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे मांडले.

४/ १९५१ मध्ये स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी अल्कोहोलमधील हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत टिपले. परिसर बदलला की अणुकेंद्राचा संकेतही बदलतो, हे त्यातून उघड झाले. यांपैकी एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्याशाखेचा पाया घातला.

५/ १९७३ मध्ये लॉटरबर यांनी अशा संकेतांतून चित्र घडवले. पुढे मेंदूचे पातळ छेद मिळू लागले. प्रत्येक छेदावर हिप्पोकॅम्पसची हद्द आखायची, क्षेत्रफळाला छेदाच्या जाडीने गुणायचे आणि बेरीज करायची : हे झाले आकारमान. आज हे काम बहुधा संगणक करतो.

६/ परंतु आकडा एकटा मुका असतो. त्याला तुलना लागते. तालेराक आणि तूर्नू यांचा १९८८ चा प्रसिद्ध नकाशा ६० वर्षांच्या एकाच स्त्रीच्या मेंदूवर बेतलेला होता. त्यानंतर माँट्रियलमध्ये ३०५ निरोगी व्यक्तींची सरासरी काढली गेली. त्या परंपरेतील साचे जगभर प्रमाण मानले गेले.

७/ २०१९ मध्ये हैदराबादच्या आयआयआयटीतील जयंती सिवस्वामी यांच्या गटाने १०० भारतीय तरुण-तरुणींच्या एमआरआयवरून नकाशा सिद्ध केला. सरासरी भारतीय मेंदू लांबी, रुंदी आणि उंचीने पाश्चात्त्य साच्याहून लहान आढळला. हिप्पोकॅम्पसच्या आकारमानातही फरक दिसला.

८/ यावरून बुद्धीचा निवाडा करू नये; कवट्या मोजून वंशांची प्रतवारी लावणाऱ्या एकोणिसाव्या शतकाने ती चूक करून ठेवली आहे. मुद्दा निदानाचा आहे. परकी पट्टी निरोगी माणसाला रोगी ठरवू शकते. डोक्याच्या आकारानुसार हिशेब दुरुस्त करता येतो, तरी ‘या वयात निरोगी म्हणजे किती’ हे आपल्याच माणसांना मोजून ठरवावे लागते.

९/ आणि तो नकाशा तरुणांचा आहे. आपल्या आजोबांची तुलना सत्तरीतल्या निरोगी भारतीयांशीच व्हायला हवी. संकेत ओळखण्याच्या कामात आपला माणूस १९५१ मध्येच होता. स्वतःची पट्टी आखायला मात्र अनेक दशके गेली.