हळद, पेटंट आणि छापील कागद

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेने हळदीच्या एका ‘शोधा’ला पेटंट दिले : हळदीने जखम लवकर भरून येते. पेटंट क्रमांक ५४०१५०४. ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते आणि त्यावर नाव असलेले दोन्ही संशोधक भारतीय वंशाचे होते.

बोट कापले की हळद दाबायची, हे जिथे लहान मुलालाही ठाऊक, तिथे संताप उसळला यात नवल नाही. पण संताप हा पुरावा नव्हे.

अडचण कायद्यातच होती. एखादी गोष्ट अमेरिकेत आधीपासून ज्ञात वा वापरात असेल, तर तिचे पेटंट मिळत नसे. परदेशात मात्र नुसता वापर पुरेसा नव्हता. ती गोष्ट तिथे पेटंटबद्ध तरी हवी, नाहीतर छापील मजकुरात वर्णिलेली हवी. म्हणजे सांगलीच्या आजीने आयुष्यभर हळद लावली असली, तरी तिची साक्ष ग्राह्य नव्हती. तिच्या नातवाने ते छापले असते, तर चालले असते! हा भेद २०१३ पर्यंत टिकला.

म्हणून वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने कागद शोधले. महासंचालक होते रघुनाथ माशेलकर. १९९६ साली फेरतपासणीची मागणी करताना परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदीतील मजकुरांसह ३२ संदर्भ सादर केले. त्यांतील काही शंभर वर्षांहून जुने होते. शिवाय इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले.

या लढ्याला ‘हळदीघाटीची लढाई’ असे भरजरी नाव मिळाले. वास्तविक ती ग्रंथालयाच्या कपाटांत लढली गेली. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभा राहू लागला, तो याच धड्यातून : जुन्या ग्रंथांतील औषधयोग परदेशी पेटंट परीक्षकांना वाचता येतील अशा पाच भाषांत.

पण ग्रंथांत आले ते हळदीच्या वापराचे ज्ञान. तिच्या लागवडीचे आणि साठवणीचे ज्ञान फारसे आले नाही. हळदीला रुजणारे बी धरत नाही. गेल्या हंगामात राखलेले गड्डेच पुन्हा लावावे लागतात. सांगली-सातारा भागात लागवड अक्षय्य तृतीयेच्या सुमारास होते, काढणी आठ-नऊ महिन्यांनी. मग हळद शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची.

वाळलेल्या हळदीची साठवण सांगलीजवळच्या हरिपूरला पेवांत होई. पेव म्हणजे जमिनीतील खोल कोठार, तोंडाशी अरुंद, आत ऐसपैस. तळाला आणि भिंतींना पाला लावून हळद भरली की तोंड मातीने बंद. तिला कीड लागत नसे, रंगही टिके. पेव उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचे नाही. आधी कंदील सोडायचा. तो विझला, तर आतली हवा माणसाला घातक.

२००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले. असंख्य पेवे निकामी झाली आणि व्यापारी गोदामांकडे वळले. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या अर्जालाही उगमाचा लेखी पुरावा जोडावाच लागतो. पेवात उतरणाऱ्या हमालांकडे असा कागद नव्हता. त्यांच्याकडे कंदील होता, आणि तो किती वेळ जळत राहिला म्हणजे उतरायचे, याचा अंदाज.